रजिस्टरातली सही

मधल्या सुट्टीची घंटा नुकतीच झाली होती. मुले डबे घेऊन लिंबाखाली बसली होती. तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली आणि कॉलेजचा शिपाई काखेत रजिस्टर धरून आत आला. ओळखीचा माणूस. आम्ही त्या कॉलेजात बी. ए. करत होतो तेव्हापासून तो तिथे आहे.

"सर, इथं एक सही करा. आणि खाली इथं एक."

"कशाची?"

"मीटिंगची. जानेवारीतली आन् मार्चमधली."

जानेवारीत किंवा मार्चमध्ये मीटिंग झाल्याचे आम्हाला आठवत नव्हते. पण त्याला अजून चार घरे फिरायची होती, आमचा डबा उघडा होता आणि पुढच्या तासाला सातवीचा वर्ग होता. पानावर आमच्या नावासमोरची जागा तेवढी रिकामी होती. वरच्या सह्या झालेल्या, खालच्याही झालेल्या. आम्ही खिशातला पेन काढला आणि दोन्ही ठिकाणी सही केली. उर्दू शाळेत शिकवत असलो तरी सही मराठीत करतो. ती नेहमीसारखी सुबक आली.

हे कॉलेज अकलूजचे नाही. आपल्याच जिल्ह्यात, एसटीने जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला त्यात आपल्याच ओळखीचे एखादे कॉलेज दिसेल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक संलग्न कॉलेजात एक महाविद्यालय विकास समिती असते. १९९४ च्या कायद्यात तिला स्थानिक व्यवस्थापन समिती म्हणत. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, एक विभागप्रमुख, तीन शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी, विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी आणि चार स्थानिक सदस्य अशी तिची रचना असते. त्या चारांत किमान एक माजी विद्यार्थी लागतो. तो माजी विद्यार्थी म्हणून आमचे नाव घातले गेले. 'आपला एक मुस्लिम शिक्षकही होईल,' असे कोणीतरी म्हणाल्याचे नंतर कानावर आले. आम्हाला त्याचे वाईट वाटले नाही. उलट घरी सांगताना छाती थोडी फुगलीच होती. पहिल्या बैठकीला फेटा, नारळ, शाल झाली. चहा झाला. त्यानंतर आमची आणि समितीची भेट रजिस्टरातच होत राहिली. वर्षातून किमान चार बैठका घ्याव्यात असे कायदा सांगतो. रजिस्टरात चारही भरलेल्या असत.

जून महिना आला. आमच्या शाळेतून दहावी झालेली आणि पुढे बारावीही पास झालेली एक मुलगी वडिलांबरोबर घरी आली. वडील हमाली करतात. मुलगी हुशार आहे. दहावीत असतानाच आम्ही तिला सांगून ठेवले होते की बी. ए. ला उर्दू घे, पुढे एम. ए. कर, बी. एड. कर, उर्दू शाळांना चांगल्या शिक्षिका हव्या आहेत. वडिलांनी चप्पल दाराबाहेर काढली, पण आत बसले नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाले,

"सर, वहाँ उर्दूच नहीं है बोलते."

काहीतरी गैरसमज असेल, असे आम्ही म्हणालो. त्या कॉलेजात उर्दू आहे. आम्ही स्वतः तिथे उर्दू शिकलो. दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही कॉलेजात गेलो. प्राचार्य आमचे जुने शिक्षक. त्यांनी चहा मागवला, आमचे बोलणे शांतपणे ऐकले आणि कपाटातून तेच रजिस्टर काढून आमच्यापुढे उघडे केले. जानेवारीची बैठक, विषय क्रमांक सहा. पुरेशा विद्यार्थिसंख्येअभावी बी. ए. भाग एकचा उर्दू विषय बंद करण्याची शिफारस सर्वानुमते मंजूर. खाली सह्या होत्या. त्यात एक आमची होती.

"अहो, तुम्हीच तर मंजूर केलंय की," प्राचार्य म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हीच खरी बोच होती. आमच्यासारखेच तेही थकलेले दिसत होते.

आम्ही विचारले, "पण सर, हे ठरवलं कुणी?"

ते म्हणाले, संस्थेने. मग आम्ही संस्थेच्या सचिवांकडे गेलो. ते म्हणाले, आम्ही कशाला बंद करू? जुने सर निवृत्त झाले, सरकार जागा भरू देत नाही, तासिका तत्त्वावर माणूस मिळत नाही, आम्ही कुठून आणायचा? सरकारी कचेरीत चौकशी केली तर उत्तर मिळाले की विषय ठेवणे न ठेवणे हा कॉलेजचा आणि विद्यापीठाचा प्रश्न. विद्यापीठातल्या टेबलावर सांगितले गेले की कॉलेजची शिफारस आल्यावर आम्ही काय करणार? विकास समितीचा ठराव आहे ना! अशी प्रदक्षिणा करून आम्ही पुन्हा आपल्याच सहीपाशी आलो. निर्णय कोणीच घेतला नव्हता, पण विषय मात्र बंद झाला होता.

त्या रात्री झोप आली नाही. कोणाला शिव्या द्याव्यात तेही कळेना. मग हे सारे असे का चालते, याचा माग काढायला आम्ही बसलो. आमचा पेशा शिकवण्याचा. एखादी गोष्ट समजली नाही तर ती पहिल्यापासून वाचायची, एवढेच आम्हाला येते.

पहिल्यापासून म्हणजे १८५४ पासून. त्या साली ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडून वुडचा खलिता आला. खासगी संस्थांनी शाळा-कॉलेजे काढावीत, सरकारने तपासणी करून त्यांना अनुदान द्यावे आणि लंडनच्या धर्तीवर विद्यापीठे काढावीत, असे त्यात ठरले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. हे विद्यापीठ सुरुवातीला शिकवत नव्हते. शिकवायचे ते कॉलेजांनी. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवणार, परीक्षा घेणार, पदवी देणार. त्याचा पहिला कुलपती मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन होता. आणि १८६० साली संस्था नोंदणीचा कायदा झाला.

आता आपल्या गावातल्या कोणत्याही संस्थेचे लेटरहेड काढून बघा. कोपऱ्यात नोंदणी क्रमांक आणि १८६० चा कायदा असतोच. पैसा सरकारचा, परीक्षा विद्यापीठाची, इमारत आणि माणसे संस्थेची. तीन घरांचा हा संसार पावणेदोनशे वर्षांपूर्वी मांडून दिला गेला. त्यात शिकवणारा आणि शिकणारा यांना स्वतःचे घर नव्हते. आम्ही गेल्या आठवड्यात जी तीन दारे ठोठावली ती हीच होती.

ज्या लंडन विद्यापीठाचा नमुना आणला, त्या लंडनने स्वतः १८९८ च्या कायद्याने आपली घडी बदलली आणि शिकवणारे विद्यापीठ होण्याची वाट धरली. आपल्याकडे मात्र १९०४ साली लॉर्ड कर्झनचा विद्यापीठ कायदा आला. त्याने सिनेटमध्ये सरकारनियुक्त सभासदांचा वरचष्मा केला आणि संलग्नतेची दोरी सरकारच्या हाती आणखी घट्ट दिली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याला कौन्सिलात कडाडून विरोध केला होता. पण कायदा झाला तो झालाच.

सोलापूर जिल्ह्यापुरते बोलायचे तर कॉलेजची फाईल आधी मुंबईला जात असे. १९४९ नंतर ती पुण्याला जाऊ लागली, १९६२ साली शिवाजी विद्यापीठ झाल्यावर कोल्हापूरला आणि २००४ पासून सोलापूरला. आता त्या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. एका जिल्ह्याचे विद्यापीठ मिळाले याचा आम्हाला आनंद आहे. मुलांचा कोल्हापूरचा हेलपाटा वाचला. पण फाईल जवळच्या गावी जाऊ लागली म्हणून फाईलचे स्वरूप बदलले असे नाही. कुलपती आजही राज्यपालच आहेत. २०२१ च्या डिसेंबरात मंत्र्यांना प्र-कुलपती करण्याचे आणि कुलगुरू निवडीत सरकारचा हात वाढवण्याचे विधेयक विधिमंडळात मंजूर झाले. २०२२ साली सरकार बदलल्यावर ते मागे घेतले गेले. राजभवन की मंत्रालय, यावर खूप वाद झाला. विद्यापीठ स्वतःच्या पायावर उभे राहील का, यावर त्या मानाने फार थोडे बोलले गेले.

ही चाकोरी मोडण्याचे धाडस कोणी केलेच नाही असे नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले ते सरकारी मान्यतेवाचून. त्यांच्या पदव्यांना सरकारदरबारी किंमत नव्हती, तरी मुली शिकत राहिल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली. ते सरकारवर बोलले म्हणून १९४८ साली त्यांच्या संस्थेचे अनुदान काही काळ थांबवण्यात आले. हे इंग्रजाने केले नाही, आपल्या सरकारने केले. लगाम इंग्रजाने बनवला होता, पण इंग्रज गेल्यावर तो खुंटीवरून काढून कोणी फेकून दिला नाही. नवा स्वार आला आणि त्याने तोच हातात घेतला.

आता नवा शब्द आला आहे, स्वायत्त महाविद्यालय. तसा तो नवा नाही. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच तो सुचवला होता. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज २०१० साली स्वायत्त झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवण्याचे म्हटले आहे. म्हणजे पुढे कॉलेजच अभ्यासक्रम ठरवणार, कॉलेजच परीक्षा घेणार. हे ऐकून आम्हाला आनंद व्हायला हवा होता. पण डोळ्यांपुढे ते रजिस्टर आले. ज्या कॉलेजात विकास समितीची बैठक मोटारसायकलवर होते, त्या कॉलेजाला स्वायत्तता मिळाली तर ती कोणाला मिळेल? शिक्षकांना? मुलांना? की ज्याच्या हाती कपाटाची किल्ली आहे त्याला?

हा प्रश्न आम्ही दुसऱ्यांना विचारत होतो तोवर सोपे होते. पण आपण ज्या समाजातून येतो त्याच्याकडे पाहिल्याशिवाय हे लिखाण पुरे होणार नाही.

मुस्लिम समाजाला संस्थेची स्वायत्तता हा विषय नवा नाही. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम काढली. १८७५ साली सर सय्यद अहमद खानांनी अलीगढला मदरसा सुरू केला. १८७७ साली त्याच्या कॉलेजचा पायाचा दगड व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या हस्ते बसला. १९२० साली त्याचे विद्यापीठ झाले, पण ते इंग्रजी राजवटीच्या कायद्याने. त्यावरून १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हे विद्यापीठ मुसलमानांनी नव्हे, कायद्याने स्थापन केले. समाजाने दारोदार फिरून चंदा गोळा केला आणि स्थापनेचे श्रेय गेले कायद्याच्या कागदाला! नोव्हेंबर २०२४ मध्ये सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने चार विरुद्ध तीन मतांनी तो जुना विचार बाजूला सारला. केवळ कायद्याने घडली म्हणून संस्थेचे अल्पसंख्याक स्वरूप जात नाही, असे बहुमताने सांगितले. अलीगढचा प्रत्यक्ष निवाडा मात्र वेगळ्या खंडपीठाकडे सोपवला. पुण्याच्या पी. ए. इनामदारांच्या नावाने ओळखला जाणारा २००५ चा निकाल तर आपल्या महाराष्ट्रातलाच. विनाअनुदानित संस्थांवर सरकार आपला प्रवेशकोटा लादू शकत नाही, असे त्यात ठरले. घटनेच्या कलम ३० ने दिलेला हक्क अशा एकेका लढाईतून जपला गेला आहे. त्याची किंमत आम्ही जाणतो.

पण त्या हक्काचे आपण घरी काय केले? महाराष्ट्रातील खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये अल्पसंख्याक शाळेचा मुख्याध्यापक आणि व्यवस्थापनाने कळवलेल्या आणखी तीनपर्यंत व्यक्ती यांच्या भरतीला सूट आहे. सेवाज्येष्ठता न पाहता आपल्या विचाराचा, इदाऱ्याचा हेतू सांभाळणारा माणूस निवडता यावा म्हणून ही सूट. किती ठिकाणी तिचा अर्थ 'आपल्या घरातला माणूस' असा झाला? चंदा देणाऱ्यांची नावे संगमरवरावर, पण हिशेब मागणारा फितूर. सरकारी साहेब तपासणीला आला की 'आम्ही अल्पसंख्याक' आणि शिक्षकाने प्रश्न विचारला की 'इदारा आमचा'. १९५८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना बजावले होते की कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही. हे वाक्य आपल्या प्रत्येक इदाऱ्याच्या कचेरीत लावायला हवे.

एक कबुली इथेच द्यायला हवी. आमच्या नेमणुकीच्या वेळी जाहिरात रीतसर आली, मुलाखती रीतसर झाल्या, पण निवड आधीच ठरली होती. समितीतले एक चाचा आमच्या अब्बांच्या ओळखीचे होते. त्या दिवशी बाकावर आमच्या शेजारी एक तरुण बसला होता. गुण त्याचे आमच्यापेक्षा जास्त होते. फाईल गुडघ्यावर धरून तो आमच्याशी उर्दू गझलेवर बोलत होता आणि छान बोलत होता. त्याला आत पाच मिनिटेही ठेवले नाही. आम्हाला नोकरी लागली म्हणून घरात शीरखुर्मा झाला. तो तरुण पुढे काय करतो, हे आम्ही कधी विचारले नाही. आमची पहिली न वाचलेली सही बहुधा तीच होती.

साहेबाने मांडलेला तीन घरांचा संसार वाईट आहे, हे खरे. पण तो एवढा टिकला तो केवळ कायद्याने नाही. रिकाम्या जागेवर सही करणारे हात मिळत गेले म्हणूनही टिकला. कुरआनात शूरा नावाची सूरह आहे. ईमानवाल्यांचे काम आपसातल्या सल्लामसलतीने चालते, असे तिच्यात सांगितले आहे. मशवरा हा शब्द आपण लग्न जमवताना वापरतो, मशिदीचा भोंगा दुरुस्त करताना वापरतो. कॉलेजच्या समितीत बसताना तो आठवत नाही. आणि सही म्हणजे तरी काय? गवाहीच की. जे आपण पाहिले नाही त्याची गवाही देणाऱ्याला काय म्हणतात, हे आम्ही वर्गात मुलांना शिकवतो.

जुलैमध्ये आम्ही प्राचार्यांना लेखी पत्र दिले. बैठक प्रत्यक्ष घ्यावी, विषयपत्रिका आधी मिळावी, उर्दूचा विषय पुन्हा चर्चेस घ्यावा, अशी तीन वाक्ये होती. पोच घेतली. ऑगस्टमध्ये बैठक झाली. खरोखरची झाली. विद्यार्थी प्रतिनिधी असलेला मुलगा इतका बावरला होता की खुर्चीच्या कडेवर बसला. जानेवारीच्या पानावर आम्ही न वाचता सही केली होती, हे आम्ही उभे राहून सांगितले. खोलीत कोणीच कोणाकडे पाहिले नाही. मग सचिव म्हणाले, "सर, सगळेच करतात. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" त्यावर शिक्षकांतल्या एक मॅडम हळूच म्हणाल्या, "मीही वाचलं नव्हतं."

उर्दू परत आली नाही. प्रवेशाची मुदत गेली होती, शिक्षक नव्हता आणि एका बैठकीने एवढे होत नसते. पुढील वर्षासाठी विषय पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव विद्यापीठाकडे पाठवावा आणि तासिका तत्त्वावर शिक्षक शोधावा, एवढे मात्र इतिवृत्तात आले. प्रस्तावाचे काय होईल ते पुढे दिसेल. त्या मुलीने इतिहास घेतला आहे. रविवारी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी असरनंतर आमच्या घरी उर्दू वाचायला येतात. पदवीच्या कागदावर ते उमटणार नाही. तिच्या वडिलांना आम्ही सारे खरे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, आम्ही तर अंगठा लावतो. वाचता येत नाही म्हणून लावतो." पुढे ते काही बोलले नाहीत.

नोव्हेंबरात शिपाई पुन्हा आला. तीच मोटारसायकल, तेच रजिस्टर, तीच मधली सुट्टी. आम्ही त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि पान पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. ऑक्टोबरची बैठक. ती झालीच नव्हती. आमच्या नावासमोर आम्ही लिहिले, 'या तारखेस बैठक झाल्याची मला सूचना नाही, मी हजर नव्हतो', आणि खाली सही केली.

शिपायाने ते वाचले. कपाळाला हात लावून म्हणाला, "सर, मला परत पाठवतील ओ."

"पाठवू दे," आम्ही म्हणालो. "तुझ्या पेट्रोलचे पैसे मी देतो. चहा घे."

घंटा झाली. तो चहा पीत बसला आणि आम्ही सातवीच्या वर्गावर गेलो.